जाळीच्या पलीकडचा माणूस

२ सप्टेंबर, मंगळवार

चौथीतली ती मुलगी काल सकाळी गेली.

मी तिला नीट ओळखतही नव्हते. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि मधल्या सुट्टीत नळावर आली की मोठ्या मुलींच्या कोपराखालून पुढे घुसायची, एवढंच. पण ती आजारातून बरी व्हावी म्हणून नऊ दिवस अख्खी शाळा नोव्हेना करत होती. रोज सकाळी पंधरा मिनिटं, नऊशे मुली गुडघ्यांवर. मी एकदाही डोळे उघडले नाहीत. अगदी मनापासून केली प्रार्थना. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणी म्हणायचं की तूच नीट केली नसशील.

आज परिपाठाला किल्लीसिस्टर माईकवर आल्या. (आमच्या मुख्याध्यापिका. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, त्यामुळे दिसायच्या आधी ऐकू येतात.) म्हणाल्या, "मुलींनो, देवाने आपली प्रार्थना ऐकली. त्याने तिला बरं केलं. फक्त आपल्याला वाटलं होतं तसं नाही. त्याने तिला कायमचं बरं केलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. चिमणीकडे बघितलं. चिमणी म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण, पहिलीपासूनची. ती डोळे पुसत होती. सगळ्याच पुसत होत्या.

मग देवाने 'नाही' म्हटलं असतं, तर ते कसं दिसलं असतं? असंच ना? अगदी असंच दिसलं असतं.

हे मनात आलं आणि माझे हात गार पडले. खरोखर गार. चिमणीने हात धरला आणि दचकली. "ताप आहे का गं तुला?"

बारावीची प्रार्थनाप्रमुख म्हणून माईकवर शेवटची प्रार्थना मीच सांगायची होती. सांगितली. तोंडपाठ आहे, त्याला काय लागतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज आमच्या वर्गाचं कन्फेशन होतं. रांगेत मी अठरावी.

चॅपेलमधल्या त्या लाकडी कपाटात जाळीच्या पलीकडे फादर सावकाश बसतात. हे नाव कधीचं पडलंय कुणास ठाऊक, आमच्या आधीच्या मुलीही तेच म्हणायच्या. दोन शब्दांमध्ये ते इतके थांबतात की तेवढ्यात मुली पुढचा शब्द काय येणार यावर पैज लावतात. साठीच्या पुढचे आहेत. पायमोजे बहुतेक वेळा वेगवेगळ्या रंगांचे.

पापांची नेहमीची यादी तयार होती. आईला उलट बोलले, चिमणीची वही न विचारता घेतली वगैरे. गुडघे टेकले आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, "फादर, मला वाटतं, पलीकडे कुणीच नाही."

त्यांना वाटलं जाळीबद्दल बोलतेय. "मी आहे की," म्हणाले.

"तुमच्या पलीकडे."

मग इतका वेळ शांतता की मला वाटलं उठून गेले. मी त्या चौथीतल्या मुलीचं सांगितलं. हो आणि नाही सारखंच दिसतं, हेही सांगितलं.

"हे," ते म्हणाले, "पाप... नाही. हे... दुःख आहे."

"मग प्रायश्चित्त काय करू?"

"काही नको. दहा दिवस... प्रार्थनाच करू नकोस. रजा घे."

माझा कानांवर विश्वास बसेना. फादरच म्हणतायत, प्रार्थना करू नकोस! म्हटलं, "फादर, मी प्रार्थनाप्रमुख आहे."

"मग ओठ हलव," म्हणाले, आणि हसल्यासारखा आवाज आला. "दहा दिवसांनी... वाटलं तर ये. नाही वाटलं... तरी ये."

बाहेर आले. चिमणीने विचारलं, "एवढा वेळ? खून केलास की काय?"

हे सगळं फक्त इथे लिहितेय. ही वही कपाटावरच्या जुन्या स्वेटरांच्या खोक्यात तळाशी असते. तिथे थंडी पडेपर्यंत कुणी हात घालत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

रजेचा तिसरा दिवस. चॅपेलमध्ये ओठ हलवते आणि पंखे मोजते. अकरा आहेत. एक बंद आहे. त्याच्या पात्यावर कोळ्याने एवढं मोठं जाळं विणलंय, आणि इतक्या वर्षांत मला ते दिसलंही नव्हतं.

घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेलाही ओठच. बाबांचे डोळे ताटावर असतात, त्यांना काही कळत नाही. आई माझ्याकडे बघत होती. मी बघितलं तर तिने डोळे मिटले.

१० सप्टेंबर, बुधवार

आईने स्वेटर उन्हात घातले असावेत. खोक्यात सगळे छान घडी करून ठेवलेत, बाह्या आत दुमडून. सप्टेंबरमध्ये हे काय सुचलं तिला! वही जागच्या जागी होती, हुश्श.

सकाळी वेणी घालताना ती एकदम म्हणाली, "तुला काही बोलायचं असलं तर माझ्याशी बोल हं."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. मी काही रागावणार नाही."

तिच्या लॅबमध्ये कुणाच्या तरी मुलीने पळून जाऊन लग्न केलं म्हणे, तेव्हापासून सगळ्या आया घाबरल्यात, त्यातलंच असणार. म्हटलं, "आई, माझं कुणाशी काही नाहीये. घट्ट ओढू नकोस."

तिच्या बोटांना स्पिरिटचा वास येतो. दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि त्या यंत्रात लावायच्या. घरी येऊन कितीही हात धुतले तरी जात नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

अक्षर वेडंवाकडं येणार, येऊ दे.

तिसऱ्या तासाला किल्लीसिस्टरनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, वाचन स्पर्धेचं काहीतरी असेल. त्या खुर्चीत बसल्या, किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "पलीकडे कुणीच नाही, असं वाटतं म्हणे तुला."

शब्द न् शब्द! 'देव नाही' असं नाही म्हणाल्या. 'श्रद्धा राहिली नाही' असंही नाही. 'पलीकडे कुणीच नाही.'

मी टेबलावरच्या किल्ल्यांकडे बघत राहिले.

"आणि दहा दिवस प्रार्थनेला रजा. बारावीची प्रार्थनाप्रमुख नऊशे मुलींसमोर माईकवर नुसते ओठ हलवते. किती दिवस फसवणार होतीस आम्हाला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, सिस्टर?"

"कळायचं ते कळतं."

आजपासून मी प्रार्थनाप्रमुख नाही. रोज शाळा सुटल्यावर धर्मशिक्षणाच्या बाईंकडे एक तास बसायचं. आणि सिस्टरांच्याच संस्थेच्या कॉलेजसाठी शिफारशीचं पत्र देतात, त्याच्यावर सही करायची का, ते "बघू".

त्याचं मला काही नाही. म्हणजे आहे, पण आत्ता नाही. आत्ता एकच डोक्यात घुमतंय. फादरनी सांगितलं! कन्फेशनमधलं एक अक्षरही पाद्रीने बाहेर काढायचं नाही, जीव गेला तरी नाही, हे आम्हाला चौथीत शिकवलंय. तोच तर सगळ्याचा पाया आहे. मी ते वाक्य जन्मात एकाच माणसासमोर बोलले. एकाच!

'हे दुःख आहे' म्हणाले होते. आणि उठून ऑफिसात जाऊन सांगितलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

घरी सांगितलं. सगळं. रडत नव्हते, दात वाजत होते.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, विचार करायचा झाला की स्वतःचीच काच पुसतात. मला वाटलं, देव नाही म्हणते म्हणून ओरडतील. ते म्हणाले, "तुझ्या मनात काय येतं ते तुझं तू बघ. पण त्या माणसाने हे केलं असेल तर ते भयंकर आहे. लोक तिथे काय काय जाऊन सांगत असतील! बिशपना लिही. सही कर. निनावी काही पाठवायचं नाही, आपल्याला तोंड लपवायची गरज नाही."

आईच्या हातातला पेला फरशीवर पडला. पाणी सगळीकडे. ती पुसत बसली. कितीतरी वेळ पुसत होती.

"जाऊ दे ना," फरशीकडे बघतच म्हणाली. "कशाला वाढवायचं? सिस्टरना मी जाऊन भेटते."

"तू कशाला भेटतेस? तू काय केलंयस?" बाबा म्हणाले.

"म्हातारे आहेत हो फादर. त्यांचं काय होईल?"

मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, "तुला तुझ्या पोरीपेक्षा पाद्री जास्त जवळचा!" तिने वर बघितलं. तिचा चेहरा फडक्यासारखा झाला होता. आईचा देवधर्म इतका खोल आहे की फादरबद्दल वाईट ऐकूनच तिला धक्का बसला. मला वाईट वाटलं, पण पत्र लिहिलंच. दीड पान. बाबांनी शुद्धलेखन तपासलं.

२० सप्टेंबर, शनिवार

पत्र बुधवारीच पोस्टात टाकलं.

आईला बरं नाही. जेवत नाही. आज दुपारी कामावरून परस्पर चर्चमध्ये कन्फेशनला गेली, त्याच फादरकडे! मी तिला आणायला गेले तर रांगेतल्या बाकी सगळ्या बायका होऊन गेल्या होत्या आणि ती आतच. एवढीशी बाई, हिला सांगायला असतं तरी काय? बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. घरी आलो तेव्हा फाटकापाशी थांबली आणि माझी बाही धरली.

"मला तुला..." म्हणाली.

"काय?"

"काही नाही. बॅगेचा पट्टा उसवलाय तुझ्या. शिवून देते."

२५ सप्टेंबर, गुरुवार

फादरना कन्फेशन ऐकायला बंदी! बिशपांकडून फोन आला. चौकशी होईपर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासनाही करायची नाही. चर्चमागच्या खोलीत राहायचं, बाहेर यायचं नाही.

सगळ्या शाळेला माहीत झालंय. मीच चिमणीला सांगितलं होतं, आणि चिमणीला सांगितलेलं म्हणजे माईकवर सांगितलेलं. मुली येऊन माझा हात दाबतात. नववीतल्या एकीने तर विचारलं, "दीदी, मी त्यांना माझ्या घरचं सगळं सांगितलंय. ते पण सांगितलं असेल का हो त्यांनी?" तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "काय माहीत."

कुणीतरी चर्चच्या भिंतीवर खडूने मोठं तोंड काढलंय, जीभ बाहेर आलेलं. खाली लिहिलंय, 'सावकाश सांगा, सगळ्यांना सांगा.'

मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. नाही वाटत.

२७ सप्टेंबर, शनिवार

बिशपांचे दोन पाद्री आले आहेत. आज त्यांनी फादरना तीन तास विचारलं. चर्चची साफसफाई करणाऱ्या बाई आमच्या मजल्यावर राहतात. त्या म्हणाल्या, तीन तासांत फादर एकच वाक्य बोलले, "मला काही सांगायचं नाही." हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. चहासुद्धा घेतला नाही.

बाबा म्हणाले, "निरपराध माणूस असा गप्प बसत नाही."

आई ताटावरून उठून गेली.

२९ सप्टेंबर, सोमवार

हे सुट्या कागदांवर लिहितेय. त्या वहीत आता लिहिणार नाही.

सकाळी शाळेच्या ग्रंथालयात मला बोलावलं. एक वयस्कर पाद्री, समोर फाइल. दुसरे तरुण, ते लिहून घेत होते. दोघंही नीट बोलले. मी पत्रातलं सगळं परत सांगितलं. मग वयस्कर पाद्री म्हणाले, "मुख्याध्यापिकांना हे एका पत्रातून कळलं. ते त्यांच्या दाराखालून कुणीतरी सरकवलं होतं. सही नाही. हे अक्षर फादरचं वाटतं का, बघ."

प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठोरं. डाव्या हाताने लिहिल्यासारखी अक्षरं, लहान मुलाची असावीत तशी. मी वाचलं:

'बारावीच्या प्रार्थनाप्रमुख मुलीच्या मनात भलते विचार आले आहेत. पलीकडे कुणीच नाही असं तिला वाटतं. दहा दिवस प्रार्थनेला रजा आहे. चॅपेलमध्ये ती पंखे मोजते. पोर मुळात वाईट नाही. शिक्षा करू नका, जवळ घेऊन समजवा.'

पंखे.

मी परत वाचलं. पंखे. फादरकडे मी पाच तारखेला गेले होते. पंखे मोजायला लागले त्यानंतर. पंख्यांबद्दल मी चिमणीलाही बोलले नाही, कुण्णालाच नाही. पंखे फक्त एका ठिकाणी लिहिले होते.

आणि 'पोर मुळात वाईट नाही.' माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावेळी, पाहुण्यांसमोर, शिक्षकांसमोर हेच वाक्य ऐकत मी मोठी झालेय.

कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. वयस्कर पाद्री काहीतरी विचारत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी म्हटलं, "मला बरं वाटत नाही." तरुण पाद्रींनी पाणी दिलं. ते अंगावर सांडलं.

घरी आले. आईची आज सकाळची पाळी, दुपारी घरीच होती. बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, "चॅपेलमध्ये पंखे किती आहेत, आई?"

ती वळली नाही. तोंडात चिमटा होता, तो काढला.

"अकरा," म्हणाली. "एक बंद आहे."

आमच्या चॅपेलमध्ये तिने गेल्या दहा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.

मग ती खालीच बसली, ओल्या चादरीवर. "तू नुसते ओठ हलवत होतीस," म्हणाली. "तुला वाटतं कळत नाही? चार दिवस तू जेवायच्या आधी माझ्यासमोर बसून मला फसवत होतीस. मी घाबरले गं. मला वाटलं कुणी मुलगा असेल. म्हणून वही शोधली. मुलगा असता तर बरं झालं असतं."

"आणि पत्र?"

"मला काय सांगता आलं असतं तुला? मी बारावी नापास बाई. सिस्टर शिकलेल्या आहेत, त्या समजावतील असं वाटलं. शिक्षा करू नका म्हणून लिहिलं होतं मी. लिहिलं होतं ना?"

"फादरचं नाव आलं तेव्हा का नाही बोललीस? बाबांसमोर? माझ्यासमोर?"

"बोलणार होते. रोज बोलणार होते." ती चादरीचा कोपरा पिळत होती, पाणी कधीच संपलं होतं. "फादरना सांगितलं की मी. कन्फेशनला गेले होते त्या दिवशी. सगळं सांगितलं. ते म्हणाले, मुलीला सांग. तुला सांगणं जमेना तर सिस्टरना सांग. मी तीनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेले."

मला कळायला वेळ लागला. मी बोटांवर मोजलं. ती कन्फेशनला गेली वीस तारखेला. बंदी आली पंचवीसला. चौकशी झाली सत्तावीसला.

त्यांना माहीत होतं.

तीन तास त्या दोघांसमोर बसले तेव्हा त्यांना माहीत होतं की पत्र कुणी लिहिलं. एक नाव घेतलं असतं तर सुटले असते. नाव घेऊ शकत नव्हते, कारण ते त्यांना जाळीतून कळलं होतं. 'मी केलं नाही' एवढंही म्हणाले नाहीत, कारण तेही माझ्या कन्फेशनबद्दल बोलणं झालं असतं. आणि बाहेर भिंतीवर ती जीभ.

मी न्हाणीघरात जाऊन ओकले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांना आईनेच सांगितलं. ते ओरडले नाहीत. काच पुसत राहिले, मग म्हणाले, "शुद्धलेखन मी तपासलं होतं." एवढंच. 

मी आईला म्हटलं, "त्या पाद्रींकडे तू नाही गेलीस तर मी जाईन." ती म्हणाली, "माझं मला करू दे." आज गेली. लॅबचा पांढरा कोट काढायलाही विसरली होती. मी बाहेरच्या बाकावर बसले. अर्ध्या तासाने बाहेर आली. वयस्कर पाद्री तिला दारापर्यंत सोडायला आले होते. म्हणाले, "बाई, तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही."

परत येताना रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला, लहानपणी धरायची तसा. मी सोडवून घेतला नाही. माफ केलं असं नाही. पण सोडवून घेतला नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

फादर निर्दोष! आणि तरीही त्यांची बदली. म्हणे आता इथे लोकांच्या मनात किंतु राहणार, त्यांच्याच दृष्टीने दुसरीकडे बरं. म्हणजे कागदावर दोष नाही आणि सामान बांधा.

मी गेले. त्यांच्या खोलीत पलंग, टेबल आणि पुस्तकांचे गठ्ठे. ते एका गठ्ठ्याला दोरी बांधत होते आणि गाठ सुटत होती.

"इथे... बोट धर," म्हणाले. मी धरलं.

"फादर, मी तुमच्याबद्दल बिशपना लिहिलं."

"हो. छान... लिहिलं होतंस. मुद्देसूद."

"तुम्हाला सगळं माहीत होतं. पत्र कुणाचं ते. वीस तारखेपासून."

ते गाठ मारत राहिले. "मला... पुष्कळ गोष्टी माहीत नसतात," म्हणाले. "बोट काढ, नाहीतर बांधलं जाईल."

आताही नाही! दार बंद, तिसरं कुणी नाही, मला सगळं ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक, तरीही नाही. मला रडू फुटलं. म्हटलं, "फादर, मला अजूनही वाटत नाही, कुणी आहे असं. तुमच्यासाठी म्हणून वाटावं, असा प्रयत्न करून बघितला. नाही वाटत."

"माझ्यासाठी नकोच," ते एकदम घाईने म्हणाले. इतक्या लवकर दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मग दुसरा गठ्ठा ओढला. त्यांचे हात चांगलेच कापत होते. ते मी आधी बघितलंच नव्हतं. दोन आठवडे या खोलीत एकटे, आणि मुली खिडकीखालून जाताना जीभ काढून दाखवत होत्या.

"घाबरला होतात?" मी विचारलं.

"खूप," म्हणाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

किल्लीसिस्टरना म्हटलं, मला परिपाठाला दोन मिनिटं बोलायचंय. त्या म्हणाल्या, "प्रकरण मिटलं आहे. उकरून काढू नकोस. शाळेचं नाव आहे."

तरीही गेले. सूचना संपल्या आणि मी सरळ पायऱ्या चढून माईकपाशी. सिस्टरनी बटण बंद केलं. मग ओरडूनच बोलले. "फादरनी माझं काहीही कुणाला सांगितलं नाही. मी त्यांच्यावर आळ घेतला. तो खोटा होता. चुकलं माझं."

मग मागून कुणीतरी, बहुतेक अकरावीतलं, ओरडलं, "मग सिस्टरना सांगितलं कुणी?"

माझं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. दोन अक्षरं, आणि सगळे सुटले असते, मी तर नक्कीच. चिमणी पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होती, आता सांगेल, आता सांगेल अशी.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे हिनेच पसरवलं असणार!" कुणीतरी म्हणालं, आणि मग एकदम गलका. किल्ल्या वाजल्या. सिस्टरनी माझा दंड धरून मला खाली उतरवलं. पण ऑफिसात नेलं नाही. जिन्याखाली थांबल्या, माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "वर्गात जा." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यांना काय कळलं असेल, मला माहीत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आठवडा झाला. माझ्या बाकावर मी एकटीच बसते. चिमणी खिडकीकडे गेली. जाताना म्हणाली, "मला तरी सांग." मी मान हलवली. "मग तूच खोटारडी," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती नववीतली मुलगी मला बघून वाट बदलते. डब्याच्या झाकणावर कुणीतरी खिळ्याने 'खो' कोरलंय. पुढचं कोरायला वेळ मिळाला नसेल.

इतकं जड असतं, हे मला माहीत नव्हतं. आठ दिवसांत घसा दुखायला लागलाय न बोलून. आणि मला तर निदान घरी जाता येतं.

शुक्रवारी नवे फादर येतात. मी रांगेत उभी राहणार नाही, हे सिस्टरना सांगून टाकलं. सही अजून 'बघू'च आहे. दुसऱ्या एका कॉलेजचा अर्ज बाबांनी आणलाय, तिथे शिफारस लागत नाही.

आई रोज वेणी घालताना विचारते, "शाळेत कुणी काही म्हणतं का गं तुला?"

"नाही," मी सांगते. "कुणी काही म्हणत नाही."